धर्मादाय दुकानातील तबकड्या

इंग्लंडमधील कोणत्याही मध्यम आकाराच्या गावाच्या बाजारपेठेतून फेरफटका मारला, तर परदेशी पाहुण्याच्या नजरेस एक गोष्ट हटकून पडते. पावाची भट्टी, औषधांचे दुकान, न्हाव्याचे दुकान अशा रांगेत दोन-चार दुकाने अशीही असतात की जेथील बहुतेक प्रत्येक वस्तू कोणीतरी विनामूल्य आणून दिलेली असते. जुने कोट, चहाचे पेले, मुलांची खेळणी, कादंबऱ्या. गल्ल्यावर बसणारी व्यक्ती बहुधा सेवाभावाने काम करणारी एखादी वृद्ध बाई असते आणि विक्रीचा पैसा कर्करोगपीडितांच्या शुश्रूषेसाठी, अनाथांसाठी, दुष्काळग्रस्तांसाठी जातो. त्यांना तिकडे 'चॅरिटी शॉप' म्हणतात. आम्ही येथे 'धर्मादाय दुकान' हा शब्द वापरू. १९४२ साली युद्धकाळातील ग्रीसच्या उपासमारीने व्यथित होऊन ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या ऑक्सफॅम या संस्थेने त्याच शहरातील ब्रॉड स्ट्रीटवर त्या दशकाच्या अखेरीस असे दुकान थाटले, आणि पुढे ही प्रथा सर्व देशभर पसरली.

काही वर्षांपूर्वी तेथील एका धर्मग्रामात उन्हाळ्याच्या दिवसांत बदली धर्मगुरू म्हणून काम करण्याचा योग आम्हांस आला होता. सकाळचा मिस्सा आणि सायंकाळच्या भेटीगाठी यांमधील मोकळा वेळ आम्ही या दुकानांत घालवीत असू. आमचे पाय वळत ते मागच्या कोपऱ्याकडे. तेथे जमिनीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यांत किंवा दुधाच्या बाटल्यांच्या जुन्या क्रेटमध्ये, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्या उभ्या करून ठेवलेल्या असत. किंमत बहुधा एक पौंड, फार तर दोन. दोनचार गावे हिंडल्यावर आमच्या ध्यानात आले की खोके बदलते, पण आतील माल बदलत नाही. तेच सर माल्कम सार्जंट यांचे हँडेलकृत 'मेसाया', केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील बालगायकांची तीच नाताळगीते, कॅथलीन फेरियरचा तोच हसरा चेहरा, हर्बर्ट फॉन कारायान यांची तीच मिटलेल्या डोळ्यांची मुद्रा, आणि 'रीडर्स डायजेस्ट'ने टपालाने विकलेल्या त्याच भल्यामोठ्या पेट्या.

अशा तबकड्यांविषयी जाणकार संग्राहकांचे मत ठरून गेलेले आहे. त्यांच्या भाषेत हा 'नेहमीचा माल' होय. त्यांची बोटे या तबकड्यांवरून झरझर सरकतात आणि एखादी दुर्मीळ छाप हाती लागते का, एवढेच ती चाचपतात. आमची स्वतःची वृत्तीही सुरुवातीस याहून फारशी निराळी नव्हती. सेमिनरीत असताना आम्हांस पाश्चात्त्य संगीताची थोडीफार गोडी लागली होती आणि थोड्या ज्ञानाबरोबर येणारा मोठा अहंकारही तिच्यासोबत आला होता. जे सर्वांकडे आहे ते सामान्य आणि जे सामान्य आहे ते हलके, हे समीकरण आम्ही न तपासता स्वीकारले होते. प्रस्तुत लेखात ते समीकरण तपासून पाहण्याचा हेतू आहे. जे लोकांनी देऊन टाकले, ते टाकाऊ होते काय? आणि समीक्षकाने त्याची किंमत कशावरून ठरवावी?

प्रथम एक साधी व्यावहारिक बाब नमूद केली पाहिजे. धर्मादाय दुकानाचे खोके अभिरुचीचा निवाडा करीत नाही. एकेकाळी ज्याचे उत्पादन अधिक झाले, तेच पुढे दानात अधिक येते. १९५० साली डेक्का कंपनीने ब्रिटनमध्ये दीर्घकाळ वाजणारी तबकडी आणली. तत्पूर्वीच्या तबकड्या लाखेपासून बनत, आणि ती लाख बव्हंशी आपल्याच देशातील पळस, कुसुम व बोरीच्या झाडांवरील किड्यांची देणगी असे. अशा तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच संगीत मावे. पूर्ण 'मेसाया' घरी आणायचा म्हणजे ओझेच वाहून न्यावे लागे. नव्या तबकडीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे मावू लागली. १९५८ पासून स्टीरिओ ध्वनिमुद्रण बाजारात आले. १९६५ साली 'म्युझिक फॉर प्लेझर' आणि १९७० साली 'क्लासिक्स फॉर प्लेझर' अशा स्वस्त मालिका निघाल्या. ज्या घरात सिंफनी हा शब्दही कधी उच्चारला गेला नव्हता, त्या घरात बेथोव्हेन शिरला. १९८३ साली युरोपात काँपॅक्ट डिस्क आली, तेव्हा लोकांनी त्याच कृती पुन्हा विकत घेतल्या आणि काळ्या तबकड्या दुकानांत पाठविल्या. जे उरले ते मालकाच्या मृत्यूनंतर मुलांनी पोहोचते केले. आता डिस्कवरही तीच पाळी आली आहे. तेव्हा खोक्यातील गर्दी ही नावडीची खूण मानणे हा तर्कदोष होय. ती प्रथमतः आवडीची, किंवा निदान आवड असावी या इच्छेची, खूण आहे.

या इच्छेचे सर्वांत बोलके प्रतीक म्हणजे 'रीडर्स डायजेस्ट'च्या पेट्या. जाणकारांचा सर्वाधिक उपहास त्यांच्याच वाट्याला येतो. दिवाणखान्याची शोभा वाढविण्यासाठी, टपालाने, हप्त्याहप्त्याने घेतलेले संगीत, अशी त्यांची संभावना होते. परंतु याच पेट्यांत नऊ सिंफनींची एक पेटी आहे, ती उघडून पाहावी. १९६१ साली लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून त्या वाजवून घेतल्या रेने लीबोविट्झ यांनी. लीबोविट्झ हे वॉर्सा येथे जन्मलेले, पॅरिसमध्ये स्थायिक झालेले, शोनबर्गच्या नवसंगीताचे कट्टर पुरस्कर्ते. पिएर बुलेझसारखा संगीतकार त्यांच्यापाशी शिकला होता. ध्वनिमुद्रणाची बाजू डेक्काचे केनेथ विल्किन्सन या श्रेष्ठ तंत्रज्ञाने सांभाळली. बेथोव्हेनने १८१७ साली आपल्या तोवरच्या आठ सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे, म्हणजे लयीची निश्चित मापे, प्रसिद्ध केली होती. पुढील काळातील बहुतेक संचालकांनी ती अवास्तव जलद ठरवून बाजूस सारली. लीबोविट्झ यांनी ती मनावर घेतली. त्यामुळे या ध्वनिमुद्रणात बेथोव्हेनच्या अंगावरील जड झगा उतरतो. तिसऱ्या सिंफनीचा आरंभ पुतळ्यासारखा उभा राहत नाही, तो चालू लागतो.

त्याच खोक्यात कारायान यांनी बर्लिन फिलहार्मोनिककडून १९६१-६२ मध्ये वाजवून घेतलेली आणि १९६३ साली एकत्र प्रसिद्ध झालेली नऊ सिंफनींची मालिका सापडते. तिचे ध्वनिमुद्रण बर्लिनच्या डालेम भागातील येशू ख्रिस्त चर्चमध्ये झाले. तिच्यातील तंतुवाद्यांचा एकसंध, रेशमी स्वर आजही मोह घालतो. पण आम्ही दोन्ही मालिका एकामागून एक ऐकल्या तेव्हा आम्हांस वाटले की कारायान यांच्याकडे वाद्यवृंद अधिक सुंदर आहे, तर लीबोविट्झ यांच्याकडे बेथोव्हेन अधिक अस्वस्थ आहे. आणि बेथोव्हेनने अस्वस्थ असावे, असे आमचे मत आहे. टपालाने दिवाणखान्यात आलेली ही उपहासित पेटी आज गंभीर रसिकांच्या चर्चेचा विषय झाली आहे. तीत काय आहे हे ऐकण्यापूर्वीच तिच्यावर हसणाऱ्यांची संख्या मात्र मोठी होती, आणि त्यांत आम्हीही होतो.

येथे तबकडीच्या एका गुणाचा उल्लेख करावासा वाटतो, कारण आमच्या विवेचनाचा तो आधार आहे. तबकडी स्वतःच्या वापराची साक्ष देते. मधल्या छिद्राभोवतीच्या कागदी लेबलवर बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे असतील, तर समजावे की ती पुष्कळदा यंत्रावर चढविली गेली आहे. घाईने किंवा मंद प्रकाशात छिद्र शोधताना मधला खिळा लेबलवर घासतो, त्याच्या या खुणा. खाचा करड्या पडल्या असतील, तर जड किंवा झिजलेल्या सुईने त्या खरवडल्या आहेत. आम्ही घेतलेल्या बेथोव्हेनच्या पेटीत पाचवी, सहावी आणि नववी सिंफनी अशी ओरखडलेली होती. दुसरी आणि चौथी जशी कारखान्यातून निघाली तशीच स्वच्छ होती. कोण्या अपरिचित गृहस्थाची किंवा गृहिणीची श्रवणसाधना त्या पेटीत लिहिलेली होती. तिच्यात अपुरेपणा होता, पण ढोंग नव्हते. ज्याने नववी सिंफनी करडी पडेपर्यंत ऐकली, त्याने दिवाणखाना सजविण्यासाठी ती घेतली असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार उरत नाही.

आता 'मेसाया'कडे वळू. धर्मादाय दुकानाशी या कृतीचे नाते योगायोगाचे नाही, याची जाणीव तबकडी हाती घेणाऱ्या फार थोड्यांना असते. हँडेलने ती १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अवघ्या चोवीस दिवसांत रचली आणि १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये ती प्रथम सादर झाली. हा प्रयोग तीन धर्मादाय कार्यांसाठी होता: कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांची मुक्तता, मर्सर्स हॉस्पिटल आणि गोरगरिबांचा एक दवाखाना. अधिक श्रोते मावावेत म्हणून स्त्रियांनी झग्याखालील वेताची कडी न घालता आणि पुरुषांनी तलवारी न लावता यावे, अशी विनंती आयोजकांनी केली होती. त्या उत्पन्नातून १४२ कर्जदार कैदी सुटले, असे सांगितले जाते. पुढे १७५० पासून लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या टाकून दिलेल्या अर्भकांच्या आश्रमासाठी 'मेसाया'चे प्रयोग होऊ लागले आणि १७५९ साली मृत्यू पावलेल्या हँडेलने आपल्या मृत्युपत्रान्वये या कृतीची एक प्रत त्या आश्रमास दिली. एका पौंडास विकली जाणारी 'मेसाया'ची तबकडी ही म्हणूनच आमच्या दृष्टीने अधःपतित वस्तू नव्हे. ती आपल्या जन्मघरी परतली आहे.

आता ध्वनिमुद्रणाच्या गुणावगुणांविषयी. सार्जंट यांनी यॉर्कशरमधील हडर्सफील्ड कोरल सोसायटीबरोबर 'मेसाया' १९४६, १९५४ आणि १९५९ असा तीनदा ध्वनिमुद्रित केला. हडर्सफील्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. तेथील हे गायकमंडळ १८३६ सालचे. सारेगमसारख्या नावांनी स्वर वाचण्याची टॉनिक सोल-फा ही सोपी पद्धती आणि स्वस्त छापील स्वरलिपी यांच्या बळावर एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील कष्टकरी वर्ग 'मेसाया' गाऊ लागला. प्रतिवर्षी नाताळच्या सुमारास तो गावोगाव गाइला जाई, आणि आजही जातो. सार्जंट यांची तबकडी या परंपरेचे फळ आहे. शास्त्राच्या काट्यावर तोलली तर तिच्यात दोष पुष्कळ. वाद्यवृंद हँडेलच्या कल्पनेपेक्षा कितीतरी फुगलेला, लय संथ, गायकांची संख्या प्रचंड. जेथे हँडेलचे स्वर नाचतात, तेथे येथे मिरवणूक चालते.

याच्या उलट, ख्रिस्तोफर हॉगवूड यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेले ध्वनिमुद्रण पाहावे. १७५४ साली फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये झालेल्या प्रयोगाची संहिता, त्या काळच्या धाटणीची वाद्ये, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलमधील पुरुष व मुलांचे छोटे गायकमंडळ. एकदम खिडक्या उघडाव्यात आणि वारा यावा, तसा अनुभव येतो. हँडेलच्या लेखनाला कोण अधिक जवळ आहे, असा प्रश्न केल्यास आमचे उत्तर निःसंशय हॉगवूड असेच राहील.

परंतु दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. ही कृती कोणाच्या मालकीची झाली होती? सार्जंट यांच्या तबकडीत प्रभू येशूच्या दुःखसहनाविषयीची वृंदगाने लागतात, तेव्हा शेकडो कंठांतून एकेक व्यंजन दगडावर छिन्नी पडावी तसे उमटते. ही माणसे स्वरलिपी वाचत नाहीत. आजी-आजोबांपासून पाठ असलेले ते उच्चारीत आहेत. आपल्या एखाद्या गावच्या चर्चमध्ये उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची भक्ती चालू असताना जुनी माणसे पुस्तक न उघडता गातात, तेव्हा आवाजात जी खात्री असते, तीच येथे ऐकू येते. ही खात्री कोणत्याही संशोधनाने निर्माण होत नाही. हॉगवूड यांनी हँडेलचा 'मेसाया' दिला, सार्जंट यांनी हडर्सफील्डचा. दुसऱ्या दानाची आठवण पहिल्याच्या तेजात पुसून टाकणे अन्यायाचे होईल.

तिसरी तबकडी कॅथलीन फेरियरची. लँकशरमधील ही मुलगी ब्लॅकबर्नच्या टेलिफोन कार्यालयात काम करीत होती. चाळिशीच्या आत ती ब्रुनो वॉल्टर यांच्यासारख्या थोर संचालकाची आवडती गायिका झाली. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले. १९४९ साली वाद्यांच्या साथीवाचून ध्वनिमुद्रित केलेल्या तिच्या एका उत्तर इंग्लिश लोकगीतामुळे ती घरोघर पोहोचली, आणि त्या गीताचा समावेश असलेल्या तबकड्या आजही या खोक्यांत असतात. पण आम्हांस अधिक बोलायचे आहे ते तिच्या बाख-हँडेल तबकडीविषयी. ऑक्टोबर १९५२ मध्ये, आजार शरीरात असताना, सर एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली तिने ही पदे गाइली. त्यांत बाखच्या बी मायनर मिस्सातील 'आग्नुस देई' आहे आणि 'मेसाया'तील, तिरस्कृत ख्रिस्ताविषयीचे, ऑल्टो स्वरासाठी लिहिलेले पद आहे.

पुढे स्टीरिओचे युग आले आणि कंपनीला ही एकमार्गी तबकडी जुनी वाटू लागली. १९६० साली बोल्ट यांनी लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून साथ नव्याने वाजवून घेतली आणि ती फेरियरच्या मूळ आवाजावर चढविण्यात आली. खोक्यात या दोन्ही आवृत्त्या आढळतात. केवळ ध्वनीच्या दृष्टीने दुसरी अधिक विस्तृत आहे, हे खरे. तथापि आमचे मत पहिलीच्या बाजूने आहे. पहिल्या तबकडीत गायिका श्वास घेते तेव्हा वाद्यवृंदही थबकतो. दोघेही एकाच क्षणी पुढे काय होणार ते जाणत नाहीत. दुसरीत वाद्यवृंदाला सर्व ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी निवर्तलेल्या गायिकेच्या मागून तो अदबीने, न चुकता चालतो. त्यामागे बोल्ट यांची श्रद्धा आहे, अपार कौशल्य आहे, पण सोबत नाही. गाण्यात सोबत म्हणजे काय, हे या दोन तबकड्या शेजारी ठेवून जितके स्पष्ट कळते, तितके कोणत्याही ग्रंथातून कळणार नाही. हा धडा दोन पौंडांत मिळतो. फेरियरच्या मृत्यूनंतर तिच्या नावाने कर्करोगसंशोधनासाठी निधी उभारला गेला. आम्हांस तिची तबकडी ज्या दुकानात मिळाली, तेथील पैसाही कर्करोगपीडितांच्या शुश्रूषेसाठीच जात होता.

दानाचे हे सूत्र तबकड्या संपून डिस्क सुरू झाल्या तरी तुटत नाही. डिस्कच्या फळीवर हमखास सापडणाऱ्या तीन वस्तू घेऊ. पहिली, नायजेल केनेडी यांनी १९८९ साली सादर केलेले विवाल्दीचे 'चार ऋतू'. तिच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. विवाल्दी हा आमचा व्यवसायबंधू. १७०३ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. छातीच्या विकाराचे कारण सांगून तो लौकरच मिस्सा अर्पण करण्याच्या जबाबदारीतून मोकळा झाला, परंतु व्हेनिसमधील पिएता या अनाथ मुलींच्या आश्रमात व्हायोलिन शिकविण्यास त्या विकाराची अडचण झाली नाही! केनेडी यांच्या वादनात उद्धटपणा आहे, क्वचित आक्रस्ताळेपणाही आहे. पण १७२५ साली छापल्या गेलेल्या या स्वररचनांत वादळ, कुत्र्याचे भुंकणे, बर्फावरून घसरणारे पाय हे सर्व आहेच. सभ्य पार्श्वसंगीत होऊन बसलेल्या कृतीला त्यांनी पुन्हा दात दिले, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी डिस्क तीन टेनरांची. ७ जुलै १९९० रोजी, विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या पूर्वसंध्येस, रोममधील काराकाला स्नानगृहांच्या भग्नावशेषांत पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास गाइले. वाद्यवृंदाचे संचालन करीत होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. हा कार्यक्रम रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्या कारेरास यांच्या पुनरागमनाचा आनंद म्हणून, आणि त्यांनी त्या रोगाविरुद्ध स्थापिलेल्या संस्थेच्या साहाय्यार्थ होता, हे आज किती जणांच्या स्मरणात आहे? शेवटी तिघांनी मिळून गाइलेली गीतमाला ही गंमत आहे, संगीत थोडे. पण आरंभी कारेरास एकटे चिलेआच्या ऑपेरातील फेदेरिकोचा विलाप गातात, ते पुन्हा ऐकावे. आवाजाची पूर्वीची भरीवता आजाराने हिरावली आहे आणि गायक ते लपवीत नाही. साऱ्या खपाच्या आणि जाहिरातीच्या गलबल्यात ती चार-पाच मिनिटे अस्सल आहेत.

तिसरी डिस्क आम्हांस निरुत्तर करते. पोलंडचे कॅथलिक संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की यांनी १९७६ साली रचलेली तिसरी सिंफनी डॉन अपशॉ यांच्या गायनासह आणि डेव्हिड झिनमन यांच्या संचालनाखाली १९९२ साली प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये ती लोकप्रिय अल्बमांच्या यादीत सहाव्या स्थानापर्यंत चढली आणि दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिच्या मध्यभागी, गेस्टापोच्या कोठडीत अठरा वर्षांच्या मुलीने भिंतीवर कोरलेली पवित्र मरियेची विनवणी आहे. हे संगीत ऐकणे सोपे, पण सोसणे कठीण. इतक्या लोकांनी ते घेतले, आणि आज फळीफळीवर त्याच्या प्रती आहेत. त्या ऐकल्या गेल्या काय? तबकडीने आम्हांस उत्तर दिले असते. डिस्क देत नाही. प्रकाशकिरण तिच्यावरून हजारदा गेला तरी ओरखडा उमटत नाही. जे अधिक टिकते तेच अधिक मुके असावे, हा विचित्र न्याय आहे.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. जे जे लोकप्रिय ते ते स्तुत्य, असा उलटा भाबडेपणा आम्हांस शिकवायचा नाही. १९८१ साली निघालेली 'हुक्ड ऑन क्लासिक्स' ही तबकडी प्रत्येक खोक्यात असते. तीत मोझार्ट, बेथोव्हेन, चायकोव्हस्की यांच्या कृतींतील चटकदार तुकडे एका यांत्रिक डिस्को ठेक्यावर ओवलेले आहेत. आणि खेद याचा की वाजविणारा वाद्यवृंद तोच रॉयल फिलहार्मोनिक आहे, ज्याने वीस वर्षांपूर्वी लीबोविट्झ यांच्यासाठी बेथोव्हेनची मापे जिवापाड सांभाळली होती. तेथे लय संगीतातून निघत होती, येथे ती संगीतावर लादली आहे. स्वस्त मालिकांनी श्रोत्यावर विश्वास ठेवून त्याला संपूर्ण सिंफनी दिली. या तबकडीने त्याला अर्धे मिनिट दिले आणि एवढेच तुला पेलेल असे गृहीत धरले. लोकाभिमुख कला आणि लोकांना कमी लेखणारी कला यांत भेद असतो. तो भेद किमतीवरून वा खपावरून कळत नाही, तो ऐकूनच कळतो.

आणि हेच या खोक्यासमोर बसून आम्ही शिकलो. दुर्मीळतेचे मोल व्यापाऱ्याला ठाऊक असावे, समीक्षकाला त्याचे प्रयोजन नाही. समीक्षकाने विचारावे की या वस्तूत काय आहे, आणि ती कोणी कशी ऐकली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास शिक्षण लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास नम्रता लागते, आणि ती आमच्यापाशी उशिरा आली, हे कबूल केले पाहिजे.

परतीच्या प्रवासापूर्वी आम्ही घेतलेल्या तबकड्यांपैकी बहुतेक त्याच दुकानात परत देऊन आलो, कारण सामानाच्या वजनाला मर्यादा होती. सार्जंट यांचा 'मेसाया' तेवढा सोबत आणला. त्याच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूस कोणीतरी शिसपेन्सिलीने पाच-सहा वेगवेगळ्या वर्षांचे २४ डिसेंबर नोंदविले आहेत. एकाखाली एक, पुढे काही नाही. तिसऱ्या तबकडीवर एक खोल चरा आहे. तेथे सुई दरवेळी अडखळते आणि आम्हांला उठून ती हाताने पुढे सरकवावी लागते. त्या घरातही कोणीतरी असेच उठत असेल.